पाण्याला दाद न देणारा!

मुलांनो, जून उजाडला की दुकानांत एका शब्दाचं पीक येतं. दप्तर वॉटरप्रूफ, रेनकोट वॉटरप्रूफ, बूट वॉटरप्रूफ, बोटाला लावायची पट्टीसुद्धा वॉटरप्रूफ! यातला 'प्रूफ' म्हणजे पुरावा नव्हे बरं का. इथे त्याचा अर्थ दाद न देणारा. गोळीला दाद न देणारं ते बुलेटप्रूफ, आवाजाला न देणारं ते साउंडप्रूफ.

पण कापड पाण्याला दाद देत नाही म्हणजे काय? सुती रुमालावर पाण्याचा थेंब टाका. धाग्यांमधल्या फटींतून पाणी लगेच पसरतं. आता छत्रीवर टाका. थेंब गोल होऊन बसतो आणि छत्री कलती केली की घरंगळतो. छत्रीचं कापड घट्ट विणलेलं असतं, वर पाणी झटकणारा लेपही असतो.

पूर्वी असलं कापड सहज मिळत नसे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी एक युक्ती काढली. कोळशापासून गॅस बनवताना डांबर उरायचं. त्यातून मिळणाऱ्या नॅफ्था नावाच्या द्रवात रबर विरघळतं. हे चिकट रबर त्यांनी दोन कापडांच्या मधे थापलं. झालं, पाण्याची वाटच बंद! १८२३ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं. पण हे कोट थंडीत ताठ व्हायचे, उन्हाळ्यात चिकट. शिवणीच्या भोकांतून पाणीही झिरपायचं. पुढे रबर गंधकाबरोबर तापवायची रीत सापडली, तेव्हा कुठे ते धड झालं. इंग्लंडमध्ये रेनकोटला आजही 'मॅकिंटॉश' म्हणतात.

आता मोबाइलकडे वळू. त्याच्या माहितीपत्रकात 'आयपी ६७' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत शिरतच नाही. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल. ४ असेल तर फक्त शिंतोडे सोसेल. आणि ही परीक्षा नव्या वस्तूची, साध्या पाण्यात घेतलेली असते. समुद्राचं खारं किंवा साबणाचं पाणी त्यात नसतं.

घड्याळावरचे '३० मीटर' तर मोठ्ठे फसवे! ते घालून तीस मीटर खोल बुडी मारता येत नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या दाबाचा असतो. रोजच्या वापरात त्याचा अर्थ इतकाच, की हात धुताना पाणी उडालं तर चालेल. शिवाय आतली रबरी कडी वर्षानुवर्षांनी जुनी होते आणि पाण्याला वाट मिळते. म्हणूनच घड्याळांवर बहुतेकदा 'वॉटर-रेझिस्टंट', म्हणजे पाण्याला विरोध करणारं, एवढंच छापतात. मला हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

तर आता घरातली घड्याळं उलटी करून बघा, मोबाइलची माहितीपत्रकं शोधा. कुठे कोणता आकडा सापडला, ते आम्हाला जरूर कळवा. आणि आकडा कितीही मोठा असला, तरी मोठ्यांना विचारल्याशिवाय त्यांचा मोबाइल बादलीत बुडवू नका!