साखर बंद केली की गाठ उपाशी राहते का?

कोसबाड, घोलवड, बोर्डी हा चिकूचा पट्टा. पण घरात कुणाला कर्करोग झाल्याचे कळले, की आधी त्याच्याच ताटातला चिकू जातो. मग गूळ, भात, दूध, अंडी. ‘गोड खाल्ले की गाठ वाढते’ असे शेजारी सांगतात, मोबाईलवरही तेच येते. हे सारे काळजीपोटी होते, म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

यात अर्धे खरे आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की कर्कपेशी ग्लुकोज फार वापरतात. निरोगी पेशी प्राणवायूच्या मदतीने ग्लुकोज पूर्ण जाळते आणि एका रेणूतून ऊर्जेची सुमारे ३० नाणी (एटीपी) मिळवते. कर्कपेशी बरेचसे ग्लुकोज अर्धवट मोडून सोडते; त्यातून नाणी मिळतात दोनच. तोट्याचा धंदा वाटतो खरा, पण तिला घाई असते एकाच्या दोन पेशी होण्याची, आणि नव्या पेशीचे सामान याच तुकड्यांतून बनते. म्हणून ती आपल्या आवरणावर ग्लुकोज आत घेणारी दारे वाढवते. ग्लुटामिन नावाचे अमिनो आम्लही ओढून घेते. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर रक्तपुरवठा हवा. त्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतील अशी रसायने ती सोडते.

मग रुग्णाने खाणे सोडले तर? रक्तातली साखर तरीही शून्यावर येत नाही; आली तर मेंदूच बंद पडेल. यकृत आधी साठा मोकळा करते. तो संपला की स्नायूंतले प्रथिन मोडून ग्लुकोज बनवते. गाठीचा वाटा चालूच राहतो, झिजतो तो माणूस. वजन फार उतरले की केमोथेरपी झेपत नाही, कधी अर्ध्यावर थांबवावी लागते. आम्हाला धास्ती आहे ती याची, चिकूची नव्हे. देह सुकवून काही हाती लागत नाही हे ओळखून सिद्धार्थ गौतमांनी सुजाताची खीर स्वीकारली, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको.

कर्कपेशीला उपाशी मारता येते, पण औषधाने. लहान मुलांच्या एका रक्तकर्करोगात पेशींना अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल पुरेसे बनवता येत नाही, त्या ते रक्तातून घेतात. अ‍ॅस्परॅजिनेज हे इंजेक्शन रक्तातले अ‍ॅस्परॅजिनच मोडून टाकते. हे पथ्याने साधणार नाही, कारण आपले शरीर ते स्वतः बनवते.

रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. डाळ, वाल, अंडी, मासळी, बारीक कुटलेली सुकट चालते. तोंड सोलले असेल तर तिखट टाळून नाचणीची पेज, मऊ खिचडी द्यावी. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उपाशी राहायचे ते पेट स्कॅनपूर्वी, साधारण सहा तास. तिथे किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज टोचतात. हावरी गाठ ते ओढून घेते आणि चित्रात उजळून दिसते. परळच्या टाटा रुग्णालयात या तपासणीसाठी डहाणूहून पहाटेची गाडी धरणाऱ्यांनी डबा सोबत ठेवावा. तपासणी झाली की रुग्णाला लगेच जेवू घालावे.