'आम्ही' की 'आपण'? : डिस्टोपियन कादंबरीतील व्यष्टी आणि समष्टी

येवगेनी झाम्यातिन (१८८४-१९३७) या रशियन लेखकाने १९२०-२१ या काळात लिहिलेल्या एका कादंबरीचे शीर्षक म्हणजे केवळ एक सर्वनाम आहे. ते उत्तमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम होय. त्याचा रशियन उच्चार मराठी कानाला जवळजवळ 'मी' असा ऐकू येतो. परंतु हे साम्य केवळ ध्वनीचे आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा शीर्षकाविषयी अडचण उद्भवण्याचे कारण नव्हते; कारण रशियनप्रमाणे इंग्रजीतही त्या अर्थाचे एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र ही सोय नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा वगळला जातो. 'आपण' म्हटले की तो आत घेतला जातो. मग मराठी शीर्षक कोणते द्यावे? वरवर पाहता हा प्रश्न भाषांतरकारापुरता वाटतो. परंतु थोडे खोलात गेल्यास एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचा गाभा त्यात सापडतो.

टॉमस मोर याच्या १५१६ मधील ग्रंथापासून 'युटोपिया' हा शब्द आदर्श समाजाच्या कल्पनाचित्राला रूढ झाला. याउलट, सुव्यवस्थेच्या नावाखाली माणसाला चिरडणाऱ्या समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या कथेस 'डिस्टोपियन' म्हणण्याची प्रथा आहे. अशा कथांचा विषय व्यक्ती विरुद्ध समूह, म्हणजेच व्यष्टी विरुद्ध समष्टी, हा होय, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान चूक नाही. तथापि ते पुरेसेही नाही. झाम्यातिनची उपर्युक्त कादंबरी, आयन रँड हिची 'अँथेम' (१९३८) आणि जॉर्ज ऑर्वेल याची 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) या तीन कृतींमध्ये सत्तेचा हात माणसाच्या भाषेपर्यंत पोहोचतो. म्हणून व्याकरणाची साक्ष येथे उपयोगी पडते.

व्याकरणाच्या प्राथमिक पुस्तकात 'मी'चे अनेकवचन 'आम्ही' असे दिलेले असते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बाँव्हेनिस्त याने १९४६ मधील एका निबंधात या समजुतीची चिकित्सा केली. अनेक घोडा मिळून 'घोडे' होतात, त्याप्रमाणे अनेक 'मी' मिळून 'आम्ही' होत नाही. कोणत्याही एका उच्चारणात बोलणारा 'मी' एकच असतो. 'आम्ही' म्हणजे त्या एका 'मी'ला जोडलेले, 'मी' नसलेले इतर कोणी. हे इतर दोन प्रकारचे असू शकतात. 'मी आणि ते' असा संबंध असेल तर 'आम्ही'. 'मी आणि तू' असा असेल तर 'आपण'. तमिळ, तेलुगू, गुजराती व मराठी या भाषा हा भेद पाळतात; संस्कृत व प्रमाण हिंदी पाळत नाहीत. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासाने दृढ झाला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते कसेही असो. 'मी' नाहीसा केला तर 'आम्ही' आणि 'आपण' या दोहोंचाही आधार जातो, एवढे यावरून स्पष्ट होते.

झाम्यातिनच्या 'एकराज्या'त माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत. उठणे, जेवणे, काम करणे हे सर्व एका वेळापत्रकानुसार लक्षावधी लोक एकाच क्षणी करतात. दिवसातून केवळ दोन तास व्यक्तीला स्वतःसाठी दिलेले आहेत. लेखक व्यवसायाने नौका-अभियंता होता आणि १९१६-१७ मध्ये इंग्लंडमध्ये बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर त्याने देखरेख केली होती. यंत्राची अचूकता त्याला परकी नव्हती. त्याचा निवेदक डी-५०३ हाही अभियंताच. परग्रहांवर जाणाऱ्या यानाचा तो निर्माता आहे. तेथील अज्ञात जीवांनी एकराज्याचे सुख स्वेच्छेने स्वीकारले नाही, तर त्यांना सुखी होण्यास भाग पाडावयाचे, असा शासनाचा संकल्प आहे. डी-५०३ आपली टिपणे त्या अज्ञात वाचकांना उद्देशून लिहितो. आपण जे लिहू ते आपले एकट्याचे नसून सर्वांचे असेल, अशी त्याची प्रारंभीची खात्री आहे.

परंतु घडते उलटेच. समोर 'तुम्ही' असे कोणी कल्पिल्याखेरीज लिहिता येत नाही, आणि 'तुम्ही' म्हणणाऱ्याला 'मी' व्हावेच लागते. आय-३३० या स्त्रीच्या ओढीने ही प्रक्रिया वेग घेते. वैद्य त्याला आत्मा उत्पन्न झाल्याचे निदान सांगतात. पुढे पुढे तो स्वतः 'आम्हां'पैकी की 'त्यां'पैकी, हेच त्याला उमगेनासे होते. शेवटी शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकली जाते आणि आय-३३० चा छळ तो निर्विकारपणे पाहतो. हे पुस्तक लेखकाच्या देशात १९८८ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

रशियातून १९२६ मध्ये बाहेर पडलेल्या आयन रँडने हाच प्रश्न अधिक उघडपणे मांडला. 'अँथेम'मधील समाजात 'मी' हा शब्दच उरलेला नाही. तो उच्चारणाऱ्यास जाळून मारतात. 'इक्वॅलिटी ७-२५२१' हा नायक स्वतःविषयी अनेकवचनातच बोलतो. मराठीत हे उतरविणे अवघड आहे. कारण एकटा माणूस 'आम्ही' म्हणू लागला तर ते मराठीत दास्याचे नव्हे, राजेपणाचे चिन्ह वाटते. शिवाय मराठीत सर्वनाम गाळले तरी 'जाईन' या क्रियापदात 'मी' शिल्लक राहतो. मुळातही शब्दाच्या अभावी जाणीव नष्ट झालेली नाही: नायक भुयारात एकटाच प्रयोग करतो, आणि त्या एकटेपणाचा अपराध त्याला बोचतो. नायिकेला आपले प्रेम व्यक्त करावयाचे असते, परंतु अनेकवचनात ते वाक्य जमत नाही, एवढे तिला शब्दावाचून कळते.

पुढे रानातील एका जुन्या घरात, पुस्तके वाचताना, नायकाला 'मी' हा शब्द सापडतो. येथून लेखिका व्यक्तीचा निरपवाद जयजयकार करते आणि समूहाच्या सर्वनामाला दुय्यम स्थान देते. मात्र तिच्याच कथानकातील एक गोष्ट या निष्कर्षाला छेद देते. तो शब्द नायकाने निर्माण केलेला नाही. पूर्वी होऊन गेलेल्या अनोळखी माणसांनी तो त्याच्यासाठी राखून ठेवला होता. 'मी' हा शब्दसुद्धा समाजाकडूनच मिळतो.

ऑर्वेलने झाम्यातिनची कादंबरी फ्रेंच भाषांतरातून वाचली होती व जानेवारी १९४६ मध्ये 'ट्रिब्यून' साप्ताहिकात तिचे परीक्षणही लिहिले होते. त्याच्या कादंबरीच्या परिशिष्टात नव्या राजभाषेचे व्याकरण दिलेले आहे. या भाषेत नियमबाह्य रूपे जवळजवळ सर्व नष्ट केलेली असली, तरी सर्वनामांची जुनी रूपे कायम आहेत. 'मी' म्हणण्यास बंदी नाही. बंदी आहे ती त्या 'मी'ला काही अर्थ असण्यास. एकट्याने राहण्याच्या आवडीला तेथे एक निंदाव्यंजक शब्द आहे, आणि 'मुक्त' हे विशेषण केवळ 'उवांपासून मुक्त' अशा अर्थीच वापरता येते. विन्स्टन स्मिथला छळणाऱ्यांचे अखेरचे उद्दिष्ट कोणते, हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्याकडून पुष्कळ कबुलीजबाब मिळाले असूनही ते थांबत नाहीत. ही शिक्षा माझ्याऐवजी ज्यूलियाला द्या, असे तो ओरडतो तेव्हाच त्यांचे काम पूर्ण होते. म्हणजे तोडावयाचा असतो तो 'मी' आणि 'तू' यांमधील दुवा.

यावरून असे दिसते, की या कादंबऱ्यांतील राज्ये समष्टीचे नाव घेतात, परंतु प्रत्यक्षात समष्टीही शिल्लक ठेवत नाहीत. त्यांना हवे असतात ते 'घोडे'. एकसारख्या नगांची बेरीज. अशा बेरजेत परस्परांशी बोलणारे कोणी नसते. म्हणून झाम्यातिनच्या कादंबरीस 'आम्ही' हेच मराठी शीर्षक योग्य ठरेल. निवेदक ज्यांना उद्देशून लिहितो, ते वाचक त्या सर्वनामाच्या बाहेरचे आहेत. आणि राज्य ज्यांच्या नावाने बोलते, ते नागरिकही निर्णयाच्या वेळी बाहेरच असतात.

'आपण' या दुसऱ्या सर्वनामाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. तो शब्द संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृत 'अप्पण'मार्गे मराठीत आला. 'तो आपण होऊन आला' येथे तो स्वतःचा वाचक आहे; 'आपण बसावे' येथे समोरच्याविषयी आदर दर्शवितो; 'आपण जाऊ' येथे दोघांना एकत्र आणतो. स्वत्व, परस्परांविषयीचा आदर आणि सहभाग हे तीन अर्थ मराठी भाषकाने एकाच शब्दात सांभाळले आहेत. भाषेत असा शब्द असला म्हणजे समाज आपोआप तसा घडतो, असे मुळीच नव्हे. परंतु व्यष्टी आणि समष्टी यांपैकी एकीचीच निवड केली पाहिजे, असे जेव्हा कोणी बजावून सांगतो, तेव्हा तो 'आम्ही' म्हणत आहे की 'आपण', एवढे वाचकाने अवश्य तपासून पाहावे.