स्त्रीबीजांची संख्या आणि स्त्रीचे वय

धडगावहून घाट उतरून वंध्यत्वाच्या उपचारांसाठी शहरात येणारे दांपत्य पुष्कळदा एका आकड्यानेच खचते. तो आकडा ए.एम.एच. या संप्रेरकाचा. बीजांडकोशातील लहान पुटकांतून ते स्रवते. इंजेक्शनांनंतर किती स्त्रीबीजे मिळतील, याचा अंदाज त्यावरून येतो. ती सकस असतील की नाही, हे मात्र मुख्यतः वय ठरवते. सव्विसाव्या वर्षी हा आकडा कमी असला तरी मोजक्या बीजांतूनही, किंबहुना उपचारांवाचूनही, गर्भधारणा होऊ शकते. एकेचाळिसाव्या वर्षी बीजे भरपूर मिळाली तरी त्यांपैकी बऱ्याच बीजांत गुणसूत्रांचे दोष असतात. २०२१ च्या कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीला पन्नाशीपर्यंत मुभा दिली आहे. निसर्ग इतका उदार नाही. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत गर्भ न राहिल्यास दोघांचीही तपासणी व्हावी. पतीची तपासणी सोपी व अल्पखर्चाची असूनही बहुधा शेवटी होते, हे खेदाने नमूद करावे लागते.