दूरची भाषा आणि जवळची बोली : अचलपूर परिसरातील गीतश्रवणाचा विचार

गुजरातेतील बाराव्या शतकाचा वैयाकरण हेमचंद्र याने आपल्या प्राकृत व्याकरणात वऱ्हाडातील एका गावाच्या नावासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. 'अचलपूर' या शब्दातील 'च' आणि 'ल' हे वर्ण प्राकृतात एकमेकांची जागा घेतात आणि 'अलचपूर' असे रूप सिद्ध होते, असा त्या सूत्राचा आशय आहे. या वर्णव्यत्ययाच्याच वाटेने पुढे एलिचपूर हे रूप आले. इंग्रजी अमदानीच्या दप्तरांत तेच नोंदले गेले आणि १९०५ पर्यंत त्या नावाचा स्वतंत्र जिल्हाही होता. आज अचलपूर हे संस्कृत रूप पुन्हा रूढ आहे. लोकांच्या तोंडी जे रूप आहे ते चूक न मानता त्याचा नियम शोधावा, ही वैयाकरणाची दृष्टी या गावाच्या नावापुरती तरी आठशे वर्षांपूर्वी वापरली गेली. गाण्यातील उच्चारांच्या बाबतीत ती अद्याप पुरती रुजलेली नाही.

अचलपूर सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशी वसले आहे. गावाला लागून परतवाडा, उत्तरेला मेळघाटाचे डोंगर आणि त्यापलीकडे बैतुलचा हिंदी मुलूख. १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीची राजधानी येथे होती, त्यामुळे फारसी व उर्दू या भाषांचा वावर जुना आहे. या एका गावाच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माणसाच्या कानावर किमान चार प्रकारचे गाणे पडते : डोंगरातून येणारे कोरकू गीत, उरुसातील उर्दू-फारसी कव्वाली, भजनमंडळींतील व मैफलींतील हिंदी-व्रज पदरचना आणि घरातले वऱ्हाडी गाणे. भाषा जितकी दूरची तितके गाणे कमी रुचेल, अशी सामान्य अपेक्षा असते. प्रत्यक्षात क्रम जवळजवळ उलटा लागतो. अगदी न कळणारे गाणे श्रोता निवांतपणे ऐकतो, अर्धवट कळणाऱ्या गाण्याला मान डोलावतो, आणि पूर्ण कळणारे पण वेगळ्या उच्चाराचे गाणे लागले की हसतो. हे असे का होते, याचा थोडा तपशिलाने विचार करावयास हवा.

गीताचे दोन घटक भारतीय संगीतशास्त्राने फार पूर्वी वेगळे केले आहेत. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेला, मूळच्या काश्मिरी घराण्यातील शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकरा'त शब्दाला 'मातु' आणि स्वररचनेला 'धातु' म्हणतो. दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार. हे पृथक्करण केले की परक्या भाषेतील गाण्याची उपपत्ती सोपी वाटू लागते : मातु कळत नाही, धातु कळतो, म्हणून आनंद होतो. परंतु ही उपपत्ती अपुरी आहे. शब्द कळत नसले तरी ते ऐकू येतच असतात. स्वरांची लांबी, व्यंजनांचे आघात, श्वासाची जागा, आवाजाचा पोत हे सारे शब्दांतूनच येते. तेच गाणे बासरीवर वाजविले तर होणारा आनंद निराळा असतो. तराण्याची उदाहरणे येथे उपयोगी पडतात. त्यातील अक्षरांना अर्थ नाही असे सामान्यतः मानले जाते. उस्ताद अमीर खाँ यांनी मात्र त्यांचे मूळ फारसी-अरबी सार्थ शब्दांत आहे असे प्रतिपादन केले. वाद कोणत्याही बाजूने सुटो, श्रोत्याला तराणा आवडण्यास त्या निर्णयाची वाट पाहावी लागली नाही.

न कळणाऱ्या गाण्यातून नेमके काय पोचते, याविषयी अलीकडे प्रयोगही झाले आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६ समाजांतील गीतांचे छोटे तुकडे ६० देशांतील ७५० श्रोत्यांना ऐकविण्यात आले. अंगाईगीत आणि नृत्यगीत त्यांनी बऱ्याच अचूकपणे ओळखले. प्रेमगीत ओळखण्यात मात्र त्यांची फसगत झाली. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात हिंदुस्थानी रागसंगीताशी परिचय नसलेल्या कॅनडातील श्रोत्यांना वाद्यांवरील राग ऐकविले. आनंद, दुःख व क्रोध त्यांना ओळखता आला, शांत भाव आला नाही. म्हणजे परक्या गाण्यातून हालचाल, गती, निजविणे, नाचविणे या गोष्टी पोचतात. शृंगार आणि शांत यांना मात्र परंपरेच्या ओळखीची गरज लागते. आपल्या साहित्यशास्त्रात शांत रसाला स्थान द्यावे की नाही याबद्दल झालेला जुना वाद आठवला, तर ही गोष्ट फारशी आश्चर्याची वाटू नये.

मेळघाटातील कोरकू गीत हे या दृष्टीने सर्वांत शुद्ध उदाहरण होय. मराठी श्रोत्याला कोरकू ही जितकी परकी तितकी दूरदेशीची इंग्रजीही परकी नाही. कारण इंग्रजी निदान मराठीच्याच आर्य-युरोपीय कुळातील आहे. कोरकू ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील, आणि त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा. छोटा नागपुरातील मुंडारीप्रमाणे कोरकूतही नाचाला 'सुसुन' म्हणतात. होळीच्या दिवसांत ढोल व बासरीच्या साथीने चालणारे हे सामूहिक गायन ऐकणाऱ्या मराठी माणसाला एक शब्द कळत नाही, तरी पाय ठेका धरतात; वरील प्रयोगाचा नृत्यगीताविषयीचा निष्कर्ष घराजवळच पडताळून पाहता येतो.

परंतु न कळण्यात जे हरवते तेही येथेच नीट दिसते. कोरकूत एकवचन व अनेकवचन यांखेरीज द्विवचन आहे, आणि ऐकणाऱ्याला धरून 'आपण दोघे' व त्याला वगळून 'आम्ही दोघे' यांना निराळी सर्वनामे आहेत. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद आहे, पण दोघांपुरता वेगळा नाही. एखाद्या गीतात गाणारी ज्याच्याशी बोलते त्याला आपल्या जोडीत धरते की वगळते, हे कोरकू श्रोत्याला एका सर्वनामावरून कळते. मराठी भाषांतरात 'आम्ही' आले की गीताचा गाभाच पुसट होऊ शकतो. आणखी सूक्ष्म गोष्ट अशी : कोरकूच्या काही अवयवांवर नीच सूर असतो, असे नॉर्मन झाइड या भाषाभ्यासकाने १९६० च्या दशकात दाखवून दिले. मुंडा भाषांत हे विरळ आहे. तेव्हा गाण्यात आवाज खाली येतो तो शब्दामुळे की चालीमुळे, हे भाषा न जाणणाऱ्याला ठरविता येणार नाही. ज्याला तो 'धातु' समजून डोलतो, त्याचा काही भाग 'मातु' असण्याची शक्यता आहे. शार्ङ्गदेवाच्या विभागणीलाच येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो मेळघाटात कोणी गायकांसमवेत बसून सोडविण्यासारखा आहे.

कव्वालीविषयी थोडक्यात सांगता येईल. उर्दू पदाच्या मध्येच कव्वाल फारसी शेर गुंफतो. त्याला 'गिरह' म्हणतात. बहुतेक श्रोत्यांना, मुसलमान श्रोत्यांनाही, फारसी समजत नाही. तरी दाद येते, कारण गिरह नेमक्या कोठे बसली हे कानाला कळते. शिवाय या भागातील दखनी वळणाच्या उर्दूने मराठीतून 'नको' घेतला आहे, जोर देणारा 'च' घेतला आहे. त्यामुळे ती मराठी कानाला परकी राहत नाही. अर्धवट ओळखीच्या भाषेचा हा लाभ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) पुरेपूर घेतला. खंजिरीच्या साथीवर त्यांनी मराठीबरोबर हिंदी भजनेही रचून गायिली, आणि ज्या खेड्यांतून कोणी हिंदी शिकले नव्हते तेथे ती पाठ झाली. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेस ते गेले, तेव्हा हीच खंजिरी त्यांच्याबरोबर होती.

मैफलीच्या गाण्याचा अनुभव मराठी रसिकाला इतका सवयीचा झाला आहे की त्यातले परकेपण लक्षातच येत नाही. ख्यालाचे शब्द व्रज किंवा हिंदी वळणाचे, गाणारा बहुधा मराठी किंवा कन्नड, ऐकणारा मराठी. किराण्यात जन्मलेले आणि मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मराठी नाट्यपदेही ध्वनिमुद्रित केली. त्यांचे उच्चार पुण्याच्या रंगभूमीवरचे नव्हते, परंतु त्या मुद्रिका मराठी घरांत आदराने ऐकल्या गेल्या. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक कन्नडभाषी मुलगा १९३३ च्या सुमारास घर सोडून निघाला. तो भीमसेन जोशी. पुढे त्याच भीमसेनांच्या कंठातून मराठी संतांचे अभंग घरोघर पोचले आणि त्यांच्या उच्चारातील दक्षिणी वळण हा दोष आहे असे कोणी म्हटले नाही. ते आवाजाचेच अंग मानले गेले. यावरून एक गोष्ट निश्चित होते : मराठी शब्दांचा वेगळा उच्चार मराठी कानाला मुळातच खटकतो, असे नाही.

तरीही वऱ्हाडी उच्चार खटकतो. नाटक-चित्रपटांत वऱ्हाडी बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी येते आणि प्रेक्षकही वाक्य पुरे होण्यापूर्वी हसतो. वस्तुतः गाण्यात या बोलीचे वेगळेपण बोलण्यापेक्षा कमी उरते. वाक्याचा हेल, जो प्रथम कानावर आदळतो, तो गाण्यात चालीखाली विरून जातो. शिल्लक राहतात त्या मोजक्या गोष्टी : 'ळ'च्या जागी 'य', म्हणजे डोळ्याचा 'डोया', शाळेची 'शाया', 'ण'च्या जागी 'न', म्हणजे 'पानी', 'मला'ऐवजी 'मले', आरंभीचा 'वि' जाऊन राहिलेली 'ईज'. यांपैकी 'ळ'चा 'य' तर गायनाला अनुकूलच म्हणावा लागेल. 'ळ' हा जीभ मागे वळवून क्षणभर होणारा स्पर्श आहे, त्यावर ठरता येत नाही. 'य' हा स्वराच्या शेजारचा वर्ण, त्यातून स्वर अखंड वाहू शकतो. 'डोया' या शब्दावर लांबविलेली तान 'डोळा' या शब्दावर तशी उतरत नाही. तेव्हा हसण्याचे कारण कानात शोधून सापडणार नाही. परक्या भाषेतील ध्वनीबद्दल श्रोत्याची काही अपेक्षा नसते. आपल्या भाषेतील प्रत्येक वर्णाची असते, आणि ती शाळेतल्या पुस्तकाने घडविलेली असते. अपेक्षाभंगाचे हसू होते ते विनोदाच्या सवयीमुळे. कन्नड वळण विद्वान गवयाचे म्हणून स्वीकारले गेले, वऱ्हाडी वळण शेतमजुराचे म्हणून हसण्यावारी गेले.

याची उलट बाजूही नोंदविली पाहिजे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या लेवा बोलीतही 'ळ'चा 'य' होतो. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता पुस्तकरूपाने आली, १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी गायिली गेली, आणि महाराष्ट्राने ती बोलीसकट मनावर घेतली. परतवाड्यात १९१६ साली जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी 'पूर्णामायची लेकरं' वऱ्हाडीत लिहिली. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये वऱ्हाडी संवादांनी एका कुटुंबाची शोकांतिका पेलली. वाचकाने तेथे हसू आवरले. गाण्याच्या क्षेत्रात मात्र दुरुस्तीची वृत्ती बलवत्तर राहिली. कवी विठ्ठल वाघ यांच्या संग्रहाचे नाव 'काया मातीत मातीत' असे आहे; १९८१ च्या 'अरे संसार संसार' चित्रपटातील त्यांचे गीत मात्र सर्वत्र 'काळ्या मातीत' या पाठानेच ओळखले जाते.

ही दुरुस्ती निरुपद्रवी आहे असा समज होण्यास एक कारण आहे. 'काया' आणि 'काळ्या', 'केयी' आणि 'केळी', 'मले' आणि 'मला' यांच्या मात्रा सारख्याच भरतात. वृत्त मोडत नाही, चाल अडत नाही. संपादकाला वाटते काहीच बिघडले नाही. बिघडते ते यमक. वऱ्हाडीत 'काळ' हा शब्द 'काय' होतो आणि 'जाळ' हा 'जाय'. म्हणून ते 'माय' या शब्दाशी जुळतात. 'माळ' आणि 'माय' तर उच्चारात एकच होतात, आणि गाणाऱ्या बाईला हवे तेव्हा त्यावर श्लेष साधता येतो. छापील प्रतीत 'ळ' परत बसविला की जोडी तुटते आणि रचना ओबडधोबड दिसू लागते. मग तीच ओबडधोबड रचना गाणारीच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून दाखविली जाते. ज्या रिद्धपुरात तेराव्या शतकात महदंबेचे धवळे गायिले गेले, ते अचलपूरहून फार दूर नाही. त्यावरून आजचा वऱ्हाडी उच्चार तितका जुना आहे असे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करूही नये. परंतु स्त्रियांच्या मराठी गाण्याचा आरंभीचा लिखित पुरावा याच टापूतला आहे, एवढे तरी संग्राहकाने ध्यानात ठेवावे.

जात्यावरच्या ओव्यांचे गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी केलेले संकलन एक लाखाहून अधिक ओव्यांचे आहे, आणि त्यात पुढे ध्वनिमुद्रणाचीही जोड देण्यात आली. वऱ्हाडात असे काम करावयाचे तर भुलाबाईची गाणी हा सोयीचा आरंभ ठरेल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली ही गाणी म्हणतात. महिनाभर तीच गाणी रोज होतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा मुद्रण करून पाठ ताडून पाहता येतो. शब्द जसे गायिले तसेच लिहावेत, अर्थ निराळा द्यावा, आणि गाणारीच्या वयाबरोबर तिचे शालेय शिक्षणही टिपावे. एकाच घरात आजी 'य' म्हणते आणि शाळेत जाणारी नात त्याच ओळीत 'ळ' म्हणते, तेथे दोन्ही पाठ घ्यावेत. नातीच्या तोंडी यमक कोठे तुटले, आणि ते सांधण्यासाठी तिने पुढची ओळ बदलली का, हेही पाहावे. परतवाड्याच्या वरच्या डोंगरात कोरकू गीतांचे मुद्रण करताना नीच सुराची खूण प्रत्येक अवयवावर करावी लागेल. ते काम कोरकूभाषी सहायकावाचून होणार नाही.