आखूड पुंगळी, मवाळ बार

नाशिकहून मालेगावकडे निघाले की पिंपळगाव मागे पडते, डाव्या हाताला सातमाळ्याची रांग जवळ येते आणि तिच्या पायथ्याशी चांदवड लागते. रेणुकामातेचे देऊळ, होळकरांचा रंगमहाल, बाजार समितीकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर आणि वर किल्ला. पेशवाईच्या कागदांतून फिरणारा चांदवडी रुपया तो इथल्याच होळकरांच्या टाकसाळीतला. ठरल्या वजनाचा चांदीचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा त्यावर धरायचा आणि घण हाणायचा, की झाला रुपया. १८०४ मध्ये कर्नल वॉलेसने किल्ला घेतला, तो पुन्हा होळकरांकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला तो कायमचा. त्यानंतर टाकसाळही फार वर्षे टिकली नाही. नाणे पाडणे हे एकट्या सरकारचे काम होऊन बसले.

सरकारने असेच मुठीत ठेवलेले दुसरे हातकाम म्हणजे काडतूस भरणे. अमेरिकेत लोक ते घराच्या तळघरात, रविवारच्या फावल्या वेळात करतात. आपल्याकडे त्यासाठी तुरुंगाची वाट धरावी लागते. पण कामातली कारागिरी समजून घ्यायला परवाना लागत नाही. म्हणून त्यातल्या एका अवघड कोपऱ्याविषयी लिहितो: मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी आखूड पुंगळीत भरलेला मवाळ बार.

पुंगळी हा पोलिसांच्या पंचनाम्यातला शब्द. ‘एक गावठी कट्टा, दोन जिवंत काडतुसे व एक रिकामी पुंगळी’ हे वाक्य मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या गावांना पेपरातून पाठ झालेले आहे. काडतुसाचे भाग चारच. पितळी पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी देणारी केप, पोटातली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा केपवर आपटतो, केप पेटते, दारू जळून वायू होते आणि वायू गोळीला नळीतून ढकलतो. पुंगळी मागेच राहते, आणि पितळ शाबूत असेल तर ती पुन्हा भरता येते. हातभरणीचा सगळा संसार या एका गोष्टीवर उभा आहे.

या धंद्यातले वजन मोजतात ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड. आपल्याला ते परके वाटायचे कारण नाही, कारण इंग्रजी अमलातला तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवलेला होता आणि कंपनी सरकारचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. इंग्रजी फौजेच्या वेबली रिव्हॉल्व्हरची २६५ ग्रेनची शिशाची गोळी म्हणजे दीड तोळ्याला थोडी कमी. ती तळहातावर घेतली की ‘मोठे बोअर’ म्हणजे काय ते आकड्यांवाचून कळते.

आता अडचण कुठे येते ते पाहू. १८७३ मध्ये कोल्ट कंपनीचे .४५ रिव्हॉल्व्हर आले तेव्हा दारू काळी होती: सोरा, कोळसा, गंधक. पुंगळी जवळजवळ ३३ मिलिमीटर लांब ठेवली, कारण तीत ४० ग्रेन काळी दारू काठोकाठ भरून वर गोळी दाबायची होती. काळ्या दारूत घोळ घालायला जागाच नसते. पुंगळी भरली की भरली. पुढे बिनधुराची दारू आली. तेच काम ती वजनाने पाचव्या-सहाव्या हिश्शात करते. पुंगळी मात्र तेवढीच लांब राहिली, आणि तिच्या पोटात रिकामी जागा तयार झाली.

त्यातून बार मवाळ हवा असेल तर दारू आणखी कमी. मोठ्या पातेल्यात चमचाभर आमटी तापवायला ठेवावी तशी तिची गत होते: पातेले जिकडे कलते तिकडे ती जाते. नळी वर करून मग नेम धरला तर दारू केपेजवळ साचते आणि जोमाने पेटते. नळी खाली करून उचलली तर दारू गोळीकडे सरकते आणि पेट रेंगाळतो. एकाच हाताने, एकाच मापाने भरलेली दोन काडतुसे वेगवेगळ्या वेगाने गोळी सोडतात. दारू फारच कमी पडली तर ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि गोळी नळीतच अडकते. ते न कळता दुसरा बार ओढला, की नळी फुगते किंवा फुटते. उलट धोका तर याहून वाईट आहे. लांब पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती सांडत नाही, वर येत नाही. भरणाऱ्याला पत्ता लागतो तो बार उडाल्यावर.

थोडक्यात, जहाल बार भरणे सोपे. पुंगळी भरलेली असते, पेट सारखा होतो, फक्त हत्यार दणकट हवे. मवाळ बारात अक्कल लागते. जहाल मॅग्नम काडतुसांचे कौतुक करणाऱ्यांना हे सहसा पटत नाही, पण काम करणारे हेच सांगतात.

कोणी या पोकळीत कृत्रिम धाग्याचा बोळा घालून दारू तळाशी दाबून ठेवतात. त्यावर जाणकारांचे मतभेद आहेत, आणि मला विचाराल तर पुंगळीत आणखी एक वस्तू कोंबून प्रश्न सोडवणे हा उपाय नव्हे, उसनवारी आहे. खरा उपाय इंग्रजांनी १८९७ मध्येच काढून ठेवला होता. त्यांनी पुंगळीच कापली.

वेबलीचे .४५५ काडतूस आधी काळ्या दारूचे होते, पुंगळी २२ मिलिमीटरची. मग कॉर्डाइट आले. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलीन यांचा लगदा दोऱ्यासारखा ओढून केलेली ही दारू, म्हणून ते नाव. जागा कमी लागते आणि कोंडून ठेवली तर नीट जळते. तेव्हा दुसऱ्या मार्काच्या काडतुसाची पुंगळी साडेएकोणीस मिलिमीटरवर आणली. गोळी तीच, वेग सेकंदाला १८० मीटरच्या आसपास. पहिल्या महायुद्धातल्या .३०३ रायफलीची गोळी याच्या चौपट वेगाने जाई. वेबलीचा धक्का मनगटाला झेपणारा, आवाज घोगरा, आणि तरी दीड तोळ्याचे शिसे सावकाश का होईना पण ठाम जाऊन पोचणारे. साम्राज्याचे हे अधिकृत हत्यार पन्नासेक वर्षे चालले ते अशा मवाळ, आखूड काडतुसावर.

मधल्या काळात त्यांनी याच काडतुसाला पोकळ तोंडाची, अंगात फुटून पसरणारी गोळीही बसवून पाहिली. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव झाला आणि ती मागे घ्यावी लागली. कोलकात्याजवळच्या डमडमचे नाव ज्या वादाने जगभर गेले, तोच हा वाद.

अमेरिकेत आखूड पुंगळी आली ती वेगळ्या कारणाने. १८७५च्या सुमाराला तिथल्या घोडदळाकडे दोन रिव्हॉल्व्हर होती: कोल्ट, आणि स्मिथ अँड वेसनचे स्कोफिल्ड. काडतुसांची घरे असलेले स्कोफिल्डचे चक्र कमी लांबीचे, त्यात कोल्टचे काडतूस जात नसे. स्कोफिल्डचे २८ मिलिमीटरचे काडतूस मात्र दोन्हीत चाले. लष्कराने मग आखूडच वाटायला सुरुवात केली. कोठारातल्या कारकुनाची सोय झाली आणि शिपायाच्या मनगटाचीही. .४४ बोअरमध्ये तर लांबीची चढती भाजणीच आहे: रशियन साडेचोवीस मिलिमीटर, १९०७चे स्पेशल साडेएकोणतीस, १९५५चे मॅग्नम साडेबत्तीस. मोठ्या घरात धाकटे काडतूस चालते, उलटे चालत नाही. आज जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरनी नेमबाजी खेळणाऱ्या तिथल्या हौशी मंडळींनी .४५ कोल्टसाठी याहूनही आखूड पुंगळी करून घेतली आहे. तिची लांबी लष्करी .४५ पिस्तुलाच्या पुंगळीएवढी आणि बूड कोल्टचे. पन्नास वर्षांच्या जुन्या मनगटांनी दिवसभर बार ओढायचे तर दुसरे काय करणार?

त्या मंडळींचे भरणीचे मेज जवळून पाहण्यासारखे असते. एका बाजूला घासूनपुसून चकचकीत केलेल्या पुंगळ्या, दुसऱ्या बाजूला हात-दट्ट्या. पुंगळी साच्यात गेली की एकाच दाबात जुनी केप खाली पडते आणि फुगलेले पितळ पुन्हा मापात येते. दुसऱ्या साच्यात तोंड किंचित उमलते, इतके किंचित की डोळ्यांपेक्षा बोटाला कळते. शिशाची गोळी मऊ. तोंड उमलवले नाही तर पितळाची कडा तिला सोलून काढते. नवी केप बोटाने चाचपायची. बुडाच्या पातळीवर नसेल तर चक्र फिरताना अडकते. मग मापाने दारू. आणि मग या सगळ्या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे अवजार: विजेरी. पन्नास पुंगळ्या फळीच्या भोकांत उभ्या करून एकेकीच्या पोटात उजेड टाकायचा. आखूड पुंगळीत दारूची पातळी डोळ्यांसमोर असते, दुप्पट पडली असेल तर बहुतेकदा लगेच दिसते. लांब पुंगळीत विहिरीत वाकून पाहावे लागते. शेवटी गोळी बसवून पुंगळीची कडा तिच्या खोबणीत आत वळवायची. मवाळ बारात ही घडी घट्टच लागते, नाहीतर दारू नीट पेटण्याआधी गोळी निसटते.

आखूड पुंगळीची किंमतही मोजावी लागते. ती चक्राच्या घरात पुढे थोडी जागा मोकळी सोडते. तेवढे अंतर गोळी आधाराशिवाय पार करते आणि नेम थोडा ढिला होतो. शिवाय त्या मोकळ्या जागेत काजळी आणि शिशाचे कडे धरते. दिवसभर आखूड काडतुसे उडवून संध्याकाळी लांब घालायला जावे तर ती अर्ध्यात अडतात. मग ब्रश आणि तेल.

नेमबाजांनी आणखी एक तोड काढली: पुंगळी तीच ठेवून गोळीच आत बुडवली. चपट्या तोंडाची गोळी पुंगळीच्या काठाबरोबर बसते, पोकळी भरून निघते आणि कागदाच्या लक्ष्यावर पंचने पाडावे तसे गोल भोक पडते. सेंटर-फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत .३२ बोअरमध्ये हीच गोळी चालते. जसपाल राणाने १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात.

महाराष्ट्रात काडतुसाचे नाव काढले की खडकी. १८१७च्या नोव्हेंबरात जिथे पेशव्यांची फौज हरली, तिथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. .४५५च्या जागी १९३२ मध्ये इंग्रजांनी .३८० रिव्हॉल्व्हर आणले. गोळी २०० ग्रेनची, पुंगळी तितकीच आखूड, बार त्याहून मवाळ. घाईघाईने शिकवलेल्या शिपायालाही झेपेल, हा हिशेब. स्वातंत्र्यानंतरही आपल्या दलांत ते दीर्घकाळ राहिले, आणि त्याच्या पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असत, म्हणजे किर्की फॅक्टरी. आणखी एक कारखाना चांदवडकरांना सोयीचा: मनमाडला गाडी पकडायची, भुसावळ गाठायचे, त्यापलीकडे वरणगाव. तो १९६४चा. दोन्ही आता २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.

आणि कायदा? १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रेही येतात. म्हणजे वर वर्णन केलेले मेज परवान्यावाचून मांडले तरी गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. १९६२च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीतली एक नोंद मला फार बोलकी वाटते. कोणते पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सामान्य माणसाला वर्ज्य, हे ठरवताना तिथे हत्याराचे नाव नव्हते, .३८० किंवा .४५५चे काडतूस ज्यात बसते आणि उडते ते वर्ज्य, असे म्हटले होते. सरकारी पुंगळी चोरून बाहेर आली तरी तिला घर मिळू नये, हा बंदोबस्त. परवानाधारकाच्या वाट्याला कानपूरच्या कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आले ते यामुळेच.

तेव्हा मराठी मुलखात कायदेशीरपणे स्वतःच्या हाताने बार भरणारा माणूस शोधायचा तर कोकणात जावे लागते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक तिथे अजून आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचे. शेवटी घोड्याखालच्या कानावर केप. वेबलीवाल्यांना पुंगळी कापून जे साधावे लागले ते इथे आपोआप होते: पुंगळीच नाही, त्यामुळे रिकामी जागा नाही. वानरे हुसकायला दारू कमी घेतली तर छर्रे तेवढे खोल जाऊन दारूला टेकतात. टेकले नाहीत, मधे पोकळी राहिली, तर नळीला धोका. म्हणून जुने लोक गजावर खूण करून ठेवतात आणि ठासल्यावर तो किती बाहेर राहिला ते बघतात.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. विधानसभेची निवडणूक २०१४ आणि २०१९ ला ऑक्टोबरात झाली, २०२४ ला नोव्हेंबरात, म्हणजे नेमकी भातकापणीत. रानडुकरांना आचारसंहिता नसते, तेव्हा शेतकरी त्या दिवसांत फटाके घेऊन राखणीला बसतो.