जिना चढून आलेला रक्तदाब

गिरगावातील खोताच्या वाडीत जुन्या घरांचे लाकडी जिने बाहेरच्या अंगाने चढतात. असा जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, तर मोजला जातो तो श्रमाने वाढलेला दाब, त्याचा नेहमीचा नव्हे. म्हणूनच पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसणे आणि आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू टाळणे हा मापनाचाच भाग ठरतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत राहिला, तरी आकडा पाऱ्याच्या सुमारे ८ मिलिमीटरने चढतो, आणि जाड दंडाला आखूड पट्टा बांधल्यानेही तो फुगतो.

पट्टा फुगवला की दंडातील धमनी दबून रक्तप्रवाह थांबतो. हवा हळूहळू सोडताना ऐकू येणारा पहिला ठोका म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा वरचा दाब, आणि ठोके विरतात तो खालचा, म्हणजे हृदय शिथिल असतानाचा. पट्ट्याची ही युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली, तर ठोके ऐकण्याची पद्धत १९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी दिली. दोन्ही दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीने, म्हणजे मिलिमीटरमध्ये, सांगण्याची रीत पारा हद्दपार होत असतानाही टिकून आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, तेव्हा रुग्णाला बरे वाटते एवढ्यावर भागणार नव्हते. मुळीचा गुण याच आकड्यांनी सिद्ध व्हायचा होता.

'बीपी वाढले की डोके दुखतेच' ही समजूत घातक आहे, कारण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मापे १४०/९० किंवा अधिक भरली तर सामान्यतः निदान होते, मात्र अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शिकेने ही मर्यादा १३०/८० वर आणली. १८०/११० च्या पुढे गेलेल्या रुग्णाला मात्र डॉक्टर आठवडेच्या आठवडे थांबवत नाहीत. काहींचा दाब डॉक्टरांसमोरच चढतो, तर काहींचा तेथे नेमका सरळ येतो आणि घरी वाढलेला असतो. हा दुसरा प्रकार अधिक फसवा. घरच्या मापांसाठी मर्यादा १३५/८५ धरतात, आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहिलेल्या वहीतून पहिल्या दिवसाचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात.