मुलांच्या विज्ञानाच्या तासाला आपणही बसूया!

भांडगावकर पालकांनो, शेजारच्या शिरूर तालुक्यातलं पाबळ माहीत आहे ना? डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, ऊर्जा, आरोग्य, वर्कशॉपची कामं, सगळं हातानं करून शिकायचं! हीच पद्धत पुढे कितीतरी शाळांत गेली आणि शिकवायला गावातलेच कारागीर आले. वेल्डिंग करणारा बापही इथे गुरुजी होऊ शकतो. मला हे फार आवडतं.

आपल्याकडे सुरुवात मातीपासून करता येईल. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश उसाच्या रानातली माती घ्या, वर पाणी घाला, दणकून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. पाणी निवळलं की पट्टीनं थर मोजा. चिकणमातीचा थर जाड निघाला, तर त्या रानात पाणी का तुंबतं ते पोरगंच तुम्हाला सांगेल.

एकच पथ्य: उत्तर आधी सांगायचं नाही. (आम्हा पालकांना हेच जमत नाही!)

28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्याआधी बाईंना, सरांना विचारून एक तास मागून घ्या.